उखर्डूच्या नावाची पट्टी

"नाव हेच ठेवायचं?" मोतीलालने माझी चिठ्ठी दाराच्या उजेडाकडे धरून विचारलं. छापखान्यात तो एकटाच होता. मालक तो, खिळे जुळवणारा तो आणि ट्रेडलवर पाय मारणाराही तोच. "भाऊसाहेब, बुरा मत मानना. पण चारी बाजूंनी वेलबुट्टी, वर समई, मधे उघडं पुस्तक, आणि त्याच्या खाली उखर्डू? कसं दिसंल ते?"

"त्याचं नावच ते आहे," मी म्हटलं.

"नाव तर हायेच. पर छापायचं नाव अलग असतं न. लग्नाच्या पत्रिकेत आम्ही गोटूचा गोविंदराव करून टाकतो. घरचे खूश, व्याही खूश. आन् हे तर रावसाहेबाच्या हातानं देणार तुम्ही."

खरं सांगायचं तर मला तेवढंच निमित्त हवं होतं. चिठ्ठी लिहितानाच मला ते नाव खटकलं होतं. मी ती परत घेतली, 'उखर्डू लोटू महाजन' यावर रेघ ओढली आणि खाली लिहिलं, 'श्री. उद्धव लक्ष्मण महाजन'. म्हणजे लेकाबरोबर बापाचंही नाव मी सुधारून टाकलं. त्या वेळी मी एकतीस वर्षांचा होतो आणि दुसऱ्याचं काहीही दुरुस्त करायला मला एक मिनिट पुरत असे.

आठ दिवसांनी मोतीलालने पट्ट्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. दोनशेच्या खाली तो मशीन लावत नसे, म्हणून दोनशे. पुस्तकात डकवायच्या, तळहाताएवढ्या, जाड पिवळसर कागदाच्या. 'हे पुस्तक श्री. उद्धव लक्ष्मण महाजन यांच्या संग्रहातील आहे.' त्याने एक पट्टी उलटी करून माझं बोट तिच्या पाठीवर फिरवलं. "दाब बघा दाब! मागून हात फिरवला तरी अक्षर लागतं. ऐसा काम खांडव्यात बी नाई भेटायचं."

अक्षरं खरंच लागत होती. मी त्याची पाठ थोपटून निघालो.

ही एकोणीसशे चौतीसची गोष्ट. मी दिवसा म्युनिसिपालटीच्या कचेरीत कारकून होतो आणि संध्याकाळी शनवारा वेशीजवळच्या आमच्या वाचनालयाचा बिनपगारी चिटणीस. दोन्हीकडची धूळ सारखीच होती. फरक एवढाच की कचेरीतली कोणी झटकत नसे आणि वाचनालयातली उखर्डू रोज झटकत असे. तो तिथला शिपाई. नावाला शिपाई, बाकी झाडूवाला, पाणक्या, दिवाबत्तीवाला आणि पुस्तकांची बांधणी करणारा असं सगळं तोच होता. एकतीस वर्षं त्याने ते केलं. म्हणजे मी जन्मलो त्या साली तो तिथे लागला होता, आणि तरी मी त्याला अरे-तुरे करत होतो. सगळेच करत.

उंच, वाळलेला, खांदे पुढे आलेला माणूस. शिक्षण जसोंडीच्या शाळेतली चौथी. बोलणं कमी आणि जे होतं ते थकलेलं. सकाळी आला की कपाटं उघडता उघडता एकदा "थकलो बा" म्हणायचा, आणि मग दिवसभर बसायचा नाही. त्याची खळ मात्र गावात प्रसिद्ध होती. चिंचोक्यांचं पीठ शिजवून तो ती करायचा आणि तिच्यात चिमूटभर मोरचूद घालायचा. इथले विणकर सुताला खळ देतात तीत मोरचूद नसतं. पुस्तकाला ती चालत नाही, कसर लागते, हे त्याचं ठाम मत. त्याने चिकटवलेली गोष्ट सुटल्याचं मी कधी पाहिलं नाही.

त्याच्या मनात काय आहे ते मला एका दुपारी कळलं होतं. एका वारलेल्या वकिलांच्या पत्नीने त्यांची दोन खोकी पुस्तकं वाचनालयाला दिली होती. प्रत्येक पुस्तकात पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला वकिलांच्या नावाची सुंदर छापील पट्टी. विलायतेत अशा पट्ट्या करून घ्यायची पद्धत आहे, आणि पुस्तकवेड्या माणसाला त्या भेट म्हणूनही देतात, असं मी कुठेतरी वाचलं होतं. आमचा नियम असा की दात्याची पट्टी काढायची आणि तिथे वाचनालयाची लावायची. उखर्डू ओलं फडकं एकेका पट्टीवर ठेवून वाट पाहत बसला होता. खळ भिजली की नखाने हळूच कोपरा उचलायचा आणि अख्खी पट्टी सोडवून घ्यायचा.

"अरे, किती वेळ घालवतोस?" मी म्हटलं. "चाकूने खरवडून टाक."

"नाव खरवडवत नाई, भाऊसाहेब."

मग त्याने कपाटामागून पत्र्याचा एक डबा काढला. आत अशाच पट्ट्या, वाळवून, एकावर एक ठेवलेल्या. रेल्वेच्या कोण्या इंजिनियरची, एका डॉक्टरची, एका साहेबाची, तिच्यावर सिंह आणि ढाल. तीस वर्षांत वाचनालयात आलेली सगळी मेलेली माणसं त्या डब्यात होती. मी हसलो. तो हसला नाही. वकिलांची पट्टी फडक्याने टिपता टिपता म्हणाला, "आपल्या पुस्तकात अशी एक पट्टी असती तं…"

"असती तर काय?"

"काई नाई. आपलं नाव दिसलं असतं."

त्याच्याकडे पुस्तकं होती हे मला तेव्हा प्रथमच कळलं. वाचनालयातून बाद केलेली. पानं गेलेली, पाठ मोडलेली पुस्तकं आम्ही रद्दीत काढायचो, तेव्हा तो समितीला विचारून एखादं घरी न्यायचा. ती तो शिवायचा, नवे पुठ्ठे घालायचा. जेवढी पानं गेली असतील तेवढी कोरी पानं त्या जागी घालायचा. मी विचारलं, कोरी कशाला? तर म्हणाला, "जागा तं ठेवाव लागते न. कधी भेटलं कोणाजवळ तं लिहून घेतो." अशी एकसष्ट पुस्तकं. त्यांतल्या कित्येकांत पुढे त्याने गेलेला मजकूर टाकाने लिहून काढला होता, वळणदार, छापल्यासारखा.

तेव्हा तो काम सोडणार असं ठरल्यावर समितीत शाल, नारळ, पितळी तांब्या अशी नावं निघाली आणि मी म्हटलं, त्याला त्याच्या नावाच्या पट्ट्या छापून देऊ. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला माझंच कौतुक वाटलं. ती कल्पना चांगली होती, असं मला अजूनही वाटतं.

समारंभ शनिवारी दुपारी झाला. रावसाहेब अध्यक्ष. पंचवीसतीस माणसं, त्यांतली निम्मी वर्तमानपत्र वाचायला आलेली. उखर्डू नेहमीप्रमाणे मागे माठाजवळ उभा राहून पेले भरत होता. ज्याचा समारंभ त्याने पाणी भरू नये हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. मी खुर्च्या मोजत होतो. भाषण झालं. रावसाहेबांनी माझ्या हातातला कागद घेतला आणि मोठ्याने वाचलं, "आता श्रीयुत उद्धवराव लक्ष्मणराव महाजन यांनी पुढे यावं."

कोणी पुढे आलं नाही.

रावसाहेबांनी पुन्हा नाव घेतलं. उखर्डूने हातातला पेला खाली ठेवला. एकतीस वर्षं कोणाला आत बोलवायचं असलं की ते त्याचंच काम. तो लगबगीने बाहेर ओसरीवर गेला. आम्हा सगळ्यांना त्याचा आवाज ऐकू आला, "उद्धवराव कोण हाये? उद्धवराव महाजन! रावसाहेब बोलवून राह्यले." मग पायऱ्या उतरल्याचा आवाज. रस्त्यावरही त्याने हाक मारली. परत येऊन दाराशी उभा राहिला आणि म्हणाला, "बाहेर उद्धवराव म्हणून कोणी नाई, साहेब."

लोक हसले. वाईट मनाने नाही, पण पोटभर हसले. रावसाहेब स्वतः हसले आणि म्हणाले, "अरे वेड्या, तूच तो!" उखर्डूने माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं त्याला एका क्षणात सगळं कळलं. तो पुढे आला, दोन्ही हातांनी पट्ट्यांची डबी घेतली, वाकून नमस्कार केला. डबीचं झाकण उघडून त्याने वरची पट्टी वाचली. वाचायला त्याला लागायला हवा होता त्यापेक्षा जास्त वेळ लागला.

"कशी आहे?" मी हळूच विचारलं.

"लई चांगली हाये, भाऊसाहेब," तो म्हणाला. "कागद जाड हाये."

माणसं पांगल्यावर त्याने खुर्च्या उचलल्या, पेले धुतले आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या टेबलावर ठेवला. मला जरा चुटपुट लागली होती, नाही असं नाही. पण मी मनाची समजूत घातली की नव्या जोड्यासारखं असतं, नाव चार दिवसांत पायात बसेल.

दुसऱ्या दिवशी रविवार. गावातली भाड्याची खोली सोडून तो जसोंडीला कायमचा राहायला जात होता. बैलगाडीत पुस्तकांची तीन खोकी, एक ट्रंक, खळीचं पातेलं. मी त्याला पोचवायला बरोबर गेलो. यात प्रेम होतं आणि माझ्या भेटीचं कौतुक त्याच्या घरच्यांच्या तोंडून ऐकायची हौसही होती. वाटेत दोन्ही बाजूंना केळी. उखर्डू खोक्यांना टेकून बसला होता आणि डबी त्याच्या मांडीवर होती. तो डोळे मिटून होता, पण झोपला नव्हता. गाडी खड्ड्यात गेली की डबीवरचा हात घट्ट व्हायचा.

घर म्हणजे दोन खणांचं, शेणानं सारवलेलं. त्याची बायको मालूबाई हिने खोकी उतरून घेतली, मला गुळाचा खडा आणि पाणी दिलं. दाराशी खाटेवर त्याची आई बसली होती. भागाबाई. ऐंशीच्या घरातली, डोळ्यांत मोतीबिंदू पांढरा झालेला. तिने आधी लेकाच्या चेहऱ्यावरून हात फिरवला.

"सुटला का रे बाप्पा?"

"सुटलो माय."

"काय देल्लं त्यायनं?"

"पट्ट्या देल्ल्या. माह्या पुस्तकात डकवाले. नावाच्या."

"नावाच्या?" म्हातारीचा हात थांबला. "कोणाच्या नावाच्या?"

"माह्या."

तिने तोंड माझ्या दिशेने वळवलं. मी दिसत नव्हतो, पण शहरातला कोणी आला आहे हे तिला कळलं होतं. "मालक, चांगलं नाव तं नाई न लिव्हलं त्याचं?"

मला प्रश्न कळला नाही. मी म्हटलं, "चांगलं म्हणजे?"

"माह्ये सहा गेले," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, ज्वारी निवडावी तशी बोलत राहिली. "सहाच्या सहा. कोणी पाचव्या दिशी, कोणी बारसं झालं त्याच सांजी. चांगलं नाव ठेवलं की ते जायचं. हा सातवा. हा झाला न् मी याले पाह्यलं बी नाई. टोपल्यात घालून सुईण धुरपदानं याले उकिरड्यावर नेऊन टाकलं. दिवसभर तठी होता, कोंबड्या फिरत होत्या अंगावरून. तिसऱ्या पाहराले तिनंच उचलला न् मले विकला. ओंजळभर ज्वारीले घेतला म्या माहा पोरगा. सटवाईले वाटलं कचरा हाये, गेली ती निंघून. म्हणून उखर्डू. त्याचा बाप बी तसाच. त्याले त्याच्या मायनं उंबऱ्याबाहेर लोटून देल्लं होतं, म्हणून त्याचं नाव तसं."

नवऱ्याचं नाव ती घेणार नव्हती. लोटू हे नाव मी ज्या दिवशी खोडलं त्या दिवशी मला त्याचा अर्थ विचारावासाही वाटला नव्हता.

"शाळेत मास्तरानं याचं चांगलं नाव लिव्हलं एकडाव," म्हातारी पुढे म्हणाली. "आठ दिवस ताप उतरला नाई. म्या शाळेत गेली, मास्तराच्या पाया पडली, खोडाले लावलं. तवा उतरला. म्हून पुसते, मालक. तुम्ही शहरातले लोक. काय लिव्हलं?"

बैल कडब्यात तोंड घालून होते, मालूबाई उंबऱ्यात उभी होती. मी खोटं बोलू शकलो असतो. तेवढंही मला सुचलं नाही.

उखर्डूने डबी उघडली. एक पट्टी काढून आईच्या हातात दिली. तिने ती चाचपली. छापाच्या दाबावरून तिची बोटं हळूहळू फिरली.

"खडबड लागते."

"अक्षरं हायेत माय ते. दाब देल्ला हाये."

"तुहं नाव कोठी हाये यात?"

त्याने तिचं बोट धरलं आणि मधल्या ओळीवर नेऊन ठेवलं. ज्या शब्दावर ठेवलं तो शब्द होता उद्धव. "हे पाय," तो म्हणाला, आणि वाचल्यासारखं, एकेक अक्षर सुटं करत म्हणाला, "उखर्डू. लोटू. महाजन. जसोंडी."

सासऱ्याचं नाव कानावर पडताच मालूबाईने डोक्यावरचा पदर पुढे ओढला. म्हातारीनेही नवऱ्याच्या नावाला पदर सारखा केला. मग तिने ती पट्टी कपाळाला लावली आणि परत दिली. "बेस हाये," म्हणाली. "देवमाणूस हाय गा तुहा साहेब."

मी उठलो. पुढचं मला तिथे ऐकवेना. उखर्डू गाडीपर्यंत सोडायला आला. मी त्याला म्हटलं, "मला माहीत नव्हतं. मी परत छापून आणतो. तुझं खरं नाव घालून. पुढच्या रविवारी."

"नका आणू."

"का?"

"पुन्हा छापलं तं मोतीलाल चार लोकाइले सांगन. रावसाहेबाले कळन. तुमची हसी होईन, भाऊसाहेब. काल माही झाली तेवढी बस हाये." तो हे रागाने बोलला नाही. त्याच्यात राग करण्याइतकं त्राण राहिलं नव्हतं. "तुम्ही चांगल्या मनानं देल्लं. मले मालूम हाये. मी आता थकलो. कागद चांगला हाये, वाया जाणार नाई."

मी सुटलो असं मला वाटलं, आणि हे लिहिताना मला त्याचीच जास्त लाज वाटते. परतीच्या वाटेवर मी ठरवलं की महिन्याभरात गुपचूप खांडव्याहून दुसऱ्या पट्ट्या छापून घ्यायच्या. महिना गेला. मग कचेरीत तपासणी आली, मग घरात आजारपण, मग मला वाटलं आता फार उशीर झाला, आता नेऊन दिल्या तर उलट जखमेवरची खपली निघेल. सहा वर्षं मी जसोंडीच्या वाटेला गेलो नाही. म्हातारी वारल्याचं मला बाजारात कोणीतरी सांगितलं, तेव्हा मनात पहिला विचार आला तो हा की आता तरी तो त्या पट्ट्या लावू शकेल. दुखवट्याला मी गेलो नाही ते नाहीच.

चाळीस सालच्या उन्हाळ्यात एका सकाळी वाचनालयाच्या दाराशी बैलगाडी उभी राहिली. मालूबाई उतरली. कपाळ मोकळं होतं. मला विचारायची गरज पडली नाही.

"अक्षय तृतीयेच्या आधी गेले," ती म्हणाली. "रातच्याले जेवले, झोपले, सकाळी उठलेच नाई. लई थकले होते. त्यायनं सांगून ठेवलं होतं, पुस्तकं वाचनालयात नेऊन दे. भाऊसाहेबाच्या हातात दे."

तीच तीन खोकी. तेव्हा आमच्याकडे कडू नावाचा शिपाई होता, चाळिशीचा, कामाला चोख. त्याने खोकी आत आणली, एकसष्ट पुस्तकं टेबलावर रचली, एक उघडून पाहिलं आणि न सांगता पाण्याचा वाडगा आणि फडकं घेऊन आला. नियमच होता तसा. दात्याची पट्टी काढायची, वाचनालयाची लावायची.

"साहेब, हे पट्टी तं हातानं लिव्हेल हाये," तो म्हणाला.

मी पुस्तक ओढून घेतलं. पुठ्ठ्याच्या आत, जिथे असायला हवी तिथे, तळहाताएवढी जाड पिवळसर पट्टी. तिच्यावर ना समई, ना वेलबुट्टी. कोऱ्या कागदावर टाकाने, काळ्या शाईने, त्या वळणदार अक्षरात लिहिलेलं, 'हे पुस्तक उखर्डू लोटू महाजन यांचे. जसोंडी.' आणि भोवती फूटपट्टीने ओढलेली एक साधी रेघ.

मी तिच्यावर बोट फिरवलं. अक्षरं लागली. शाईची नव्हेत, खालची. मोतीलालच्या दाबाची. पट्टी उलटी डकवलेली होती. उद्धवराव पुठ्ठ्याकडे तोंड करून आत गेले होते आणि त्यांच्या पाठीवर उखर्डूने आपलं नाव लिहिलं होतं. दुसरं पुस्तक पाहिलं, तिसरं पाहिलं. सगळी तशीच. आई असताना केलं की ती गेल्यावर, मला माहीत नाही. मी माझ्या भेटीचं कौतुक ऐकायला त्याच्या घरी गेलो होतो आणि त्याने ती फेकून दिली नाही, परत केली नाही, मला एका शब्दाने बोललाही नाही. फक्त उलटी करून घेतली.

कडूने फडकं पिळलं. "ठेवू का साहेब?"

"नको," मी म्हटलं. "यातली एकही काढायची नाही. वाचनालयाची समोरच्या पानावर लाव."

"पण नियम…"

"नियम मी बघतो. तू तो वाडगा घेऊन जा."

तो गेला. मालूबाई अजून उभीच होती. मी तिला खुर्ची दिली, ती जमिनीवर बसली. तिने उघड्या पुस्तकावरच्या त्या पट्टीकडे बोट दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं.

"भाऊसाहेब, हे तेच न? तुम्ही छापून देल्लेलं? ते रोज एक काढून पाहात बसायचे. मी म्हणे, काय पाहता? तं म्हणत, काई नाई, नाव पाहतो." मग ती म्हणाली, "मले एकडाव वाचून दाखवता का? सासूबाईले दाखवलं होतं तसं?"

ते तेच नाही, मी दिलं ते वेगळंच होतं, हे मला तिला सांगायचं होतं. पण तिने ते विचारलं नव्हतं. मी खुर्चीवरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसलो, पुस्तक दोघांच्या मध्ये धरलं, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचलं.

"हे पुस्तक उखर्डू लोटू महाजन यांचे. जसोंडी."

नवऱ्याचं नाव ऐकताच मालूबाईने पदर पुढे ओढला. मग पदराखालून हात पुढे आला आणि तिने टेबलावरच्या ढिगाकडे बोट करत विचारलं, "त्याच्यात बी हेच हाये?"

"सगळ्यांत."

ती उठली आणि ढिगावरचं दुसरं पुस्तक काढून तिने माझ्यापुढे धरलं. मी तेही वाचलं.